नंदादीपाजवळ ठेवलेली पट्टी

बेलापूरला सरकारी इमारती उभ्या राहत होत्या त्या वर्षांतली गोष्ट. आमचं घर खाडीकडच्या जुन्या गावात. तिथे एका डॉक्टरांनी दवाखाना टाकला आणि कार्डिओग्रामचं मशीन आणलं. सासूबाईंना चालताना दम लागायचा, म्हणून मी त्यांना घेऊन गेले. मशीनवरच्या ताईंनी त्यांच्या हातापायांना पट्टे बांधले, छातीला रबरी फुगे लावले. मशीनमधून कागदाची लांब पट्टी सरकत आली. तिच्यावर काळी रेघ, उड्या मारत गेलेली.

डॉक्टर म्हणाले, "आजी, रेघ बरी आहे. गोळ्या मात्र रोज घ्यायच्या. पट्टी जपून ठेवा."

आमच्याकडे जपून ठेवायचं म्हणजे देवाजवळ. भाताची पहिली लोंबीही तिथेच जाते. सासूबाईंनी पट्टीची घडी करून देव्हाऱ्यात देवीच्या मागे ठेवली. "माजा जीव हाय त्यान," असं शेजारणींना सांगायच्या.

नवरात्र आलं. घट बसले, अखंड दिवा लागला. देव्हारा लाकडाचा, लहान. दसऱ्याला देव उजळायला काढले तेव्हा मागची पट्टीही निघाली. सगळी काळवंडलेली. रेघ कुठे दिसेना.

सासूबाई खालीच बसल्या. "रेघ गेली. आता मी पन चालले."

त्या दिवसापासून त्यांनी गोळ्या सोडल्या. जेवायला वाढलं की भात नुसता चिवडायच्या. माझे मालक चिडले, "आई, कागद हाय तो!"

"तुना काय कलतं?" त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे वळून निजल्या. दम वाढतच होता. दवाखान्यात चला म्हटलं तरी उठेनात.

मला परक्या माणसाशी बोलायचा फार संकोच. तरी पट्टी पदराखाली धरून मी एकटी गेले आणि सगळे पेशंट जाईपर्यंत दाराशी उभी राहिले. शेवटी ताईच म्हणाल्या, "अहो, बोला ना. मी काय खाते का तुम्हाला?"

मी पट्टी पुढे केली.

"दिव्याजवळ ठेवली होती का?"

मी मान डोलावली. त्या हसल्या नाहीत. मशीन उघडून दाखवलं. आत शाई नव्हतीच. एक बारीक सुई होती, ती तापते. कागद मुळात काळा, त्यावर मेणासारखा पांढरा थर. छातीच्या ठोक्याबरोबर सुई हलते, जिथे टेकते तिथला थर वितळतो आणि खालचा काळा रंग दिसतो. तीच रेघ. सगळ्या कागदाला ऊब लागली तर सगळाच काळा. "नखानंही होतं. ओढून बघा," त्या म्हणाल्या. मी मशीनमधल्या पांढऱ्या कागदावर नख ओढलं, बारीक काळी रेघ उमटली.

"यातला कोरा तुकडा... मिळेल?" मी विचारलं. एवढं बोलले त्याचं मलाच नवल वाटलं.

घरी येऊन सासूबाईंना उठवून बसवलं. कोरा तुकडा त्यांच्या हातात दिला, मग चिमट्यात धरून दिव्याच्या वर नेला. पांढरा कागद बघता बघता काळा झाला.

"आई, हा कोराच होता. यात कुणाचा जीव नव्हता. तरी काळा झाला ना?"

मशीनमधली तापणारी सुई कशी रेघ काढते, नखानंही कशी उमटते, तेही सांगितलं. उरलेल्या पांढऱ्या कोपऱ्यावर त्यांनी स्वतःच नख ओढलं.

"म्हंजे देवीच्या दिव्यानंच केलं ह्ये?"

"हो. ऊब लागली."

"आन ती मशीन चटके देऊन लिवते?"

"हो."

"मंग माजे सुनेसारकीच हाय. तोंडानं बोलत नाय, चटका देते." बऱ्याच दिवसांनी त्या हसल्या. मग हात पुढे केला, "आन त्या गोल्या."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. नवी पट्टी काढली. ती आम्ही तांदळाच्या डब्यात ठेवली, गारव्याला. पूजा झाली की सासूबाई एक फूल डब्यावरही ठेवायच्या.