हौसरावांची अकरावी आज्ञा

बायबलात देवानं मोशेला आज्ञा दिल्या त्या दहाच, हे हौसरावांना कधी पुरेसं वाटलं नाही. शिरूरला बाप प्रचारक. पोराला बाराखडीच्या आधी आज्ञा पाठ करायला लावल्या, आणि चुकलं की जेवण उशिरा. पुढं दौंडला रेल्वेत गार्ड म्हणून सगळी हयात गेली. लाल म्हणजे लाल, हिरवा म्हणजे हिरवा. असा माणूस रिटायर होऊन चर्चच्या मंडळीचा पंच झाला, मग काय विचारता! रविवारी कुणी दळण आणलं, जत्रेतलं मटण कुणी चापलं, प्रार्थनेत कुणाच्या पोरानं डोळे उघडले, सगळं ह्यांना ठाऊक. आता दुसऱ्याचे डोळे उघडे दिसले म्हणजे ह्यांचेही मिटलेले नसणार; पण ते तोंडावर विचारायची छाती एकट्या सारजाबाईंची, आणि त्या तर ह्यांच्या बायकोच.

ह्या सारजाबाईंच्या ओट्यापुढं राहू गावची धुरपदा बाजारच्या दिवशी भाजी घेऊन बसायची. धनगराघरची सून. मेंढरं सासऱ्याच्या काळातच विकली, आता ऊस आणि माळवं. सारजाबाई भाकरी थापताना चर्चमधली गायनं म्हणायच्या आणि ही बाहेरून कान द्यायची. एकदा चहा पिता पिता म्हणाली, "मावशी, तुमचा येशू माझ्यासारखीला जवळ करंल का वं?"

"त्यानं कुणाला लोटलंय गं?" सारजाबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

तेव्हापासून धुरपदा दर रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर दिसायला लागली. वर्षभरानं तिनं बाप्तिस्मा मागितला. तिचा नवरा आण्णा भला माणूस. म्हणाला, "तुझा देव तू बघ. जाताना भाकरी तेवढी टाकून जा."

चर्चच्या पाळकसाहेबांनी तिची तयारी हौसरावांकडं सोपवली. प्रभूची प्रार्थना ती घडाघडा म्हणायला लागली. "विश्वास हाय का?" विचारलं की "हाय की!" असं म्हणायची, जसं कुणी 'कांदा हाय का' विचारावं. हौसरावांना हे भारी सोपं वाटलं. इतक्या स्वस्तात आत्म्याचं तारण?

"धुरपदा," ते घसा खाकरून म्हणाले, "नुसत्या विश्वासावर भागत न्हाई. हे डोरलं, कुंकू, हिरव्या बांगड्या, ह्या जुन्या खुणा. बाप्तिस्म्याला येताना काढून यायचं."

"समदं, आबा?"

"समदं. नियम हाय."

नियम कुणाचा, हे तिनं विचारलं नाही. आबा बोलले म्हणजे पुस्तकात असणारच.

रविवारी चर्च भरलं होतं. धुरपदा आत आली. कपाळ मोकळं, गळा मोकळा, आणि बोडक्या मनगटांवर काचेचे ओरखडे. तिच्या मागं आण्णा. दारात वहाणा काढून तिथंच उभा राहिला.

"या, बसा," पाळकसाहेब म्हणाले.

"बसतो की, सायेब. आधी ह्या आबांस्नी एक इचारतो. आबा, मी कवा मेलो?"

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"बांगड्या निघंनात म्हून हिनं उंबऱ्यावर फोडल्या. आमच्या म्हातारीनं गळा काढला, आख्खी वस्ती गोळा झाली. यष्टीत वरवंडच्या बाया हिला इचारत्यात, बाई, मालक कशानं गेलं? आन् मी हिच्या शेजारी बसलेला! शेंगा खात!"

एरवी ह्यावर अख्खी गल्ली महिनाभर हसली असती. त्या घडीला कुणाचे दात दिसेनात.

"हौसराव," पाळकसाहेब हळूच म्हणाले, "हे कुठल्या अध्यायात आहे?"

हौसराव उभे राहिले. सगळं शास्त्र तोंडपाठ, पण एक ओळ सापडेना. नजर भिरभिरत बायकांच्या बाकांवर गेली, आणि तिथंच घात झाला. समोर बसलेल्या साऱ्या सवाष्णींच्या गळ्यात काळी पोत, पोतीत क्रूस, आणि कोपरापर्यंत बांगड्या. पहिल्याच बाकावर सारजाबाई.

"ह्यांच्या... ह्यांच्या ख्रिस्ती बांगड्या हायत," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

सारजाबाई उठल्या आणि दोन्ही हात त्यांच्यापुढं धरले. "यवतच्या कासाराकडनं भरल्यात. हिनंबी तिथनंच भरल्या हुत्या. घ्या, फोडा माझ्याबी. तुमच्याच हातानं फोडा."

हौसरावांचे कान तापले. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण त्या फरशीसाठी वर्गणी त्यांनीच गोळा केली होती. ती काही फाटेना. मान खाली घालून ते म्हणाले, "पुस्तकात न्हाई. नियम माझाच हुता."

धुरपदानं त्यांच्याकडं बघितलं नाही. पाळकसाहेबांना म्हणाली, "सायेब, मग मी थांबू का जाऊ?"

"थांबा. तुम्हाला कोण घालवणार?"

सारजाबाईंनी आपल्या हातातल्या निघाल्या तेवढ्या बांगड्या तिच्या हातात चढवल्या. तेव्हा कुठं आण्णा खाली बसला. धुरपदाच्या डोक्यावर पाणी पडलं, ते कपाळावरून ओघळून पदरात गेलं. हौसरावांनी पुसायला टॉवेल पुढं केला, पण नजर टॉवेलाच्या काठावरच.

मग प्रभुभोजन, येशूच्या आठवणीतला भाकरीचा तुकडा आणि मागून द्राक्षरसाचा प्याला. भाकरीचं ताट फिरवायचं काम पंचांचं. हौसरावांनी बाकाबाकाला ताट नेलं, धुरपदालाही दिलं, आणि गुपचूप टेबलाकडं परतले. कुणाला कळणार नाही असं त्यांना वाटलं होतं.

"आबा," त्या शांततेत धुरपदाचा बाजारातला आवाज खणखणला, "तुमचा तुकडा ऱ्हायला!"

सगळ्या माना वळल्या. हौसराव पुटपुटले, "आज माझी लायकी न्हाई, बाई."

"मग माझी कवा हुती?" धुरपदा म्हणाली. "घ्या की!"

हौसरावांनी तुकडा उचलला आणि तोंडात घातला. तो कोरडा, आणि घसा त्याहून कोरडा; खाली उतरेना. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, पण ताट पुन्हा दोन्ही हातांत, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"दम धरा," पहिल्या बाकावरून सारजाबाई कुजबुजल्या. "प्याला येतोय."