सान्वीचे शब्द आणि विश्रामकाका

आमच्या मजल्यावर लिफ्टशेजारच्या घरात विश्रामकाका राहतात. मुलगा घोडबंदर रोडला नव्या घरी गेल्यापासून कोपरीतल्या या घरात ते आणि विमलाकाकू दोघंच असतात. काकांवर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. दिवसा जमत नाही. आता सान्वी झोपली आहे, तिचे बाबाही झोपलेत, म्हणून बसले.

काका मूळचे पोलादपूरकडचे. मिसरूड फुटायच्या सुमारास मामाचा हात धरून कल्याणजवळ मोहन्याला आले आणि रेयॉनच्या कारखान्यात लागले. मीटर, वाल्व आणि त्यांचे बोर्ड दुरुस्त करणं हे काम. कारखाना बंद पडला तेव्हा नोकरीची बरीच वर्षं शिल्लक होती. मग कुणाचा इन्व्हर्टर बसव, कुणाच्या पंपाचं बघ, असं करत त्यांनी संसार ओढला. आता सत्तरीला आलेत. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि त्याचं ऑपरेशन ते सणावारांच्या नावाखाली पुढे ढकलत असतात. मोबाइलवर व्हिडिओ बघून जुने लॅपटॉप जिवंत करायचा त्यांना नाद आहे. दोनेक जमले. न जमलेले पलंगाखाली आहेत. काकू त्या जागेला स्मशान म्हणतात आणि तिथला केर काढायला साफ नकार देतात.

माझी सान्वी सतरा वर्षांची आहे. जन्मापासून तिला सेरेब्रल पाल्सी आहे. ती व्हीलचेअरवर असते, हात हवा तिथे नेमका जात नाही आणि तोंडातून शब्द फुटत नाहीत. समजतं मात्र सगळं. कुणी तिच्यादेखत तिच्याबद्दल हळू आवाजात बोललं तर ती अशी बघते की माणूस विषय बदलतो. ती बोलायची एका टॅबवरच्या ॲपमधून. पडद्यावर चित्रं असतात, चित्रावर हात ठेवला की शब्द ऐकू येतो. शब्द माझ्या भाचीच्या, ऐश्वर्याच्या आवाजात भरलेले. ऐश्वर्या तेव्हा आठवीत होती. ती आता नोकरीला लागली, तरी सान्वी अजून तिच्या आठवीतल्या आवाजातच भांडायची.

गेल्या वर्षी त्या टॅबची बॅटरी फुगली आणि पडदा गेला. नवा टॅब आणला, तर त्यावर ते ॲप चालेना. करणाऱ्यांनी ते केव्हाच बंद केलं होतं आणि नव्या अँड्रॉइडला ते जुनं पडत होतं. थेरपिस्टबाईंनी दुसरं ॲप सुचवलं. त्यातला आवाज रेल्वेच्या घोषणेसारखा होता. सान्वीने तो टॅब कोपराने ढकलून पलंगावरून खाली पाडला. दोनदा उचलून दिला, दोनदा पाडला.

मग ती गप्प झाली. आधी ओरडायची, मनगट चावायची, ते परवडलं. नंतर नंतर तिने मागणंच सोडलं. मी हे हवं का, ते हवं का विचारायचे आणि ती भिंतीकडे बघायची. माझी भीती काय होती ते इथे लिहून टाकते. मी तिला तिच्या श्वासावरून ओळखते. पण मी काही जन्माला पुरणार नाही. माझ्यामागे हिला काय हवंय ते हिने सांगायचं सोडूनच दिलं असेल, तर कुणाला कळणार?

हे मी काकूंजवळ बोलले आणि काकांनी ऐकलं. पुढच्या रविवारी ते मुलाच्या ऑफिसातून मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर घेऊन आले. टीव्हीएवढा पडदा, हात लावला की चालणारा. त्यांनी समजावलं ते असं. फोनमधली अँड्रॉइड कॉम्प्युटरवर चालावी म्हणून काही हौशी लोकांनी ती बदलून ठेवलेली असते. तिची जुनी आवृत्तीही मिळते. ती यावर बसवायची. मग सान्वीचं जुनं ॲप चालेल, आणि जुन्या टॅबमधलं मेमरी कार्ड मी जपून ठेवलंच होतं, त्यातून ते ॲप आणि तिचे शब्द यात येतील. चित्रंही मोठी होतील, तेव्हा हात चुकणार नाही. मला हे सगळं फार सोपं वाटलं. त्यांनाही वाटलं.

कॉम्प्युटर आमच्याच हॉलमध्ये मांडला. त्या घरात काकू मांडू देणार नव्हत्या. काकांनी पेन ड्राइव्हमध्ये ती अँड्रॉइड भरून आणली आणि सुरू करण्याआधी हळदकुंकू मागितलं. कारखान्यात त्यांची रीत होती. बंद मशीन उघडून परत जोडलं की चालू करण्याआधी त्याला कुंकू लावायचं, आणि ते भलत्या ठिकाणी नाही, मशीन जिथून चालू होतं तिथेच. हा कॉम्प्युटर पेन ड्राइव्हवरून चालू व्हायचा होता. म्हणून काकांनी पाण्यात बोट बुडवून पेन ड्राइव्ह घालायच्या बाजूच्या खाचेवर कुंकू लावलं, हात जोडले आणि पेन ड्राइव्ह आत घातला. आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला. मी तर मनात नवसही बोलले.

निम्म्यावर गाडी अडली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ओळी आल्या आणि सगळं थांबलं. दुसऱ्या वेळी त्याहून आधी थांबलं. काकांनी पडद्याचा फोटो काढून इंटरनेटवरच्या त्या हौशी लोकांना विचारलं. कुणी सांगितलं, फाइल अर्धवट उतरली असेल. ती परत उतरवली. कुणी म्हणालं, कॉम्प्युटरला परकी सिस्टिम आत घेऊ न देणारी एक कडी असते, ती काढा. ती काढली. पेन ड्राइव्ह बदलला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा काकांचा नियम, म्हणून प्रत्येक बदलानंतर नवा प्रयत्न, आणि प्रत्येक प्रयत्नाआधी नवं कुंकू. दर वेळी गाडी आधीपेक्षा लवकर अडायला लागली. शेवटी शेवटी तर पेन ड्राइव्ह घातलाय हेच त्या कॉम्प्युटरला कळेना.

सान्वी सुरुवातीला व्हीलचेअर जवळ घ्यायला लावून बघत बसायची. मग तिनेही पडद्याकडे पाठ केली. ते बघून मी काकांना म्हटलं की राहू दे आता. काकांनी ऐकलं नाही.

एक दिवस काकू त्यांना जेवायला बोलवायला आल्या. काका वाकून कुंकू लावत होते. काकूंनी जरा वेळ बघितलं.

"अहो, कपाळाला लावायचं ते त्याच्या घशात कशाला कोंबताय?"

काका म्हणाले, कोंबत नाहीये, वरच्या वर लावतोय. काकूंनी चष्मा सावरला, माझ्या हातातला मोबाइल घेऊन टॉर्च मारला आणि बाजूला झाल्या. मी वाकून बघितलं. त्या खाचेत आतपर्यंत कुंकवाचा लाल चिखल सुकून बसला होता. काकांना मोतीबिंदूच्या डोळ्याने कड दिसत नव्हती. बोटावरचं ओलं कुंकू जात होतं ते थेट आत, आणि पेन ड्राइव्ह ते आणखी आत दाबत होता.

काकांनीही बघितलं. कारखान्यात आम्ही बोर्डाच्या पत्र्याच्या दाराला लावायचो, एवढंच म्हणाले. मग सान्वीकडे वळले.

"बाय गो, मीच अडवून बसलेलो तुला."

आणि जेवायला गेले ते आलेच नाहीत. दोनतीन दिवस दार बंद. काकू म्हणाल्या, जेवताना पण बोलत नाहीत, आणि हा माणूस गप्प बसला की मला घर खायला उठतं. मी कॉम्प्युटरच्या दुकानात चौकशी केली. दुकानदाराने असलं काही आम्ही करत नाही म्हणून सांगितलं. खरं तर मला दुकानदार नकोच होता. मी सान्वीची व्हीलचेअर ढकलत काकांच्या दारात नेली आणि बेल वाजवली. मी काही बोलणार त्याआधी सान्वीने चपलांच्या स्टँडवर हात आपटला, आणि आपटत राहिली. काका आतून स्पिरिटची बाटली आणि टूथब्रश घेऊनच बाहेर आले. ते त्यांनी आधीच काढून ठेवलेलं होतं.

खाच साफ झाली. तरी ते म्हणाले, मागच्या बाजूला दुसरी आहे, तीच वापरू. या वेळी त्यांनी नुसते हात जोडले. गाडी पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि पडद्यावर मोबाइलसारखी चित्रं आली. मेमरी कार्डातून ॲप आलं, शब्द आले. मला रडू आलं, पण थोडं लवकर आलं. सान्वीने पाण्याच्या चित्रावर हात ठेवला आणि ऐश्वर्याचा आवाज म्हणाला, शाळा. पडद्याची वरची बाजू स्पर्शाला खालची वाटत होती. सान्वीने परत पाणी दाबलं, परत शाळा. मग ती हसायला लागली. टॅब गेल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं. काका मात्र चिडले. दोन दिवस त्यांनी त्या हौशी लोकांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे एका फाइलीत बदलायची एक ओळ हाती लागली.

शनिवारी संध्याकाळी सगळं सरळ झालं. मी, सान्वीचे बाबा, काकू, सगळे व्हिडिओ काढायला मोबाइल धरून उभे. ती आई म्हणेल असं मला वाटत होतं, खोटं कशाला सांगू. सान्वीने सगळी चित्रं सावकाश बघितली.

"बाहेर," ऐश्वर्याचा आवाज म्हणाला.

मी म्हटलं, चल, मी नेते. तिने नाही म्हणून मान हलवली आणि दुसऱ्या चित्रावर हात ठेवला.

"आजोबा."

तिचे दोन्ही आजोबा वारलेत. ती काकांकडे बघत होती. काका घरातल्या लेंग्यावर होते, तसेच उठले आणि व्हीलचेअरची मूठ धरली. एवढा मोठा कॉम्प्युटर काही खाली नेता येणार नव्हता. मी म्हटलं, काका, खाली तिने काही मागितलं तर तुम्हाला कळायचं कसं?

"नाही कळलं तर वर आणीन. इथे सांगेल ती."

दोघं लिफ्टने गेले. थोड्याच वेळात बेल वाजली. काका दारात धापा टाकत उभे, सान्वी रागाने लाल. काहीतरी सांगतेय, म्हणाले, मी भेळ विचारली, नारळपाणी विचारलं, सगळ्याला नाही म्हणते. त्यांनी तिला पडद्यासमोर नेलं. तिने एक चित्र दाबलं.

"कुल्फी."

"हात्तिच्या," काका म्हणाले, आणि व्हीलचेअर वळवून तिला परत लिफ्टकडे घेऊन गेले.