अनिकेतच्या कोडवर मी केलेली हिरवी खूण

हे आईला सांगता येणार नाही, कारण त्यात तीही आहे. अनिकेतला सांगायला हवं होतं — ते झालं नाही. म्हणून आज पहिल्यांदाच तोंड उघडते आहे, तुमच्यापाशी.

बेळगावच्या आमच्या कॉलेजात आम्ही काही जण मिळून एक छोटा, मोफत प्रोग्राम सांभाळतो. त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मराठी फायली तो युनिकोडमध्ये आणतो. बटणं नाहीत, चित्रं नाहीत; काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. बाहेर पडताना तो एक आकडा मागे ठेवतो — काम नीट झालं तर शून्य, बिघडलं तर एक. माणसं तो आकडा बघत नाहीत. दुसरे प्रोग्राम मात्र त्याच्यावरच विसंबतात.

अनिकेत माझ्या वर्गातला, शिकलेल्या घरातला. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत जाते. पहिल्या वर्षी ती कामावरून तशीच मला भेटायला लॅबच्या दारापर्यंत आली होती. ती वळते न वळते तोच अनिकेत नाक धरून म्हणाला, "काय गं, आईनं हितंच तंबाखूची चंची सोडली काय? शिंका थांबंनात."

सगळे हसले. आणि मी — मीही हसले. आई अजून जिन्यातच होती. तिला ऐकू गेलं असेल का? मी कधी विचारलं नाही. माझ्या त्या हसण्याचा सूडही मी त्याच्यावरच उगवायचं ठरवलं. स्वतःवर कसा उगवणार?

तिसऱ्या वर्षी संधी आली. आमचा प्रोग्राम जागोजागी, वाटेल तिथून बाहेर पडायचा. अनिकेतनं साफसफाई करून त्या सगळ्या वाटा एका फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या एकाच तुकड्यात, आणल्या. कोड देखणा झाला होता, हे खरंच. पण दुसऱ्यानं वाचून हिरवी खूण केल्याशिवाय बदल आत घ्यायचा नाही, असा आमचा नियम. वाचायचं काम माझ्याकडे आलं.

फाईल लिहिताना काही बिघडलं, तर तो 'एक' त्या फंक्शनपर्यंत पोचतच नव्हता. काहीही होवो — बाहेर शून्यच.

मला ते दिसलं. तशी टीप लिहिली. मग ती पुसली, आणि हिरवी खूण केली. बाहेरचा कुणीतरी ही चूक पकडेल, चारचौघांत त्याच्या नावासकट मांडेल — एवढंच मला हवं होतं. एवढंच?

सदलग्याचे एक निवृत्त गुरुजी शेतीतले, वखारीतले जुने शब्द म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून टाइप करत आले होते. त्यांच्या पुतण्यानं त्या फायली आमच्या प्रोग्रामनं बदलायला घेतल्या. शून्य आलं की जुनी फाईल आपोआप पुसली जावी, असं त्यानं जुळवलं होतं. मध्येच डिस्क भरली. नव्या फायली रिकाम्या तयार होत गेल्या, आमचा प्रोग्राम शून्य सांगत राहिला आणि जुन्या पुसल्या गेल्या. दुसरी प्रत नव्हती.

बदलावर नाव अनिकेतचं, म्हणून गुरुजींचा फोन त्याला आला. आम्ही सगळे लॅबमध्येच होतो. त्यानं तो स्पीकरवर टाकला. गुरुजी चिडले नाहीत. "असू दे रं पोरा," ते म्हणाले. "आठवंल तेवढं परत लिवतो. सांगणारी निम्मी माणसं आता न्हाईत, एवढंच."

तेव्हा मी कुणाकडे बघत होते? अनिकेतकडे. त्याची मान खाली जाताना बघून मला बरं वाटलं — भुकेल्या पोटी जेवल्यासारखं. गुरुजींचा विचार नंतर आला. बराच नंतर.

"तुला बी दिसलं न्हाय व्हय गं?" त्यानं हळूच विचारलं.

"न्हाय," मी म्हटलं.

त्यानं सगळ्यांसमोर चूक आपली म्हणून लिहून टाकली आणि प्रोग्रामचं काम सोडलं. दुरुस्ती मी केली, लगेच, बसल्या जागी. माझं कौतुक झालं. नेमकी ओळ इतक्या लवकर कशी सापडली, हे कुणी विचारलं नाही.