फिरोजी शाईचा अर्ज

फिरोजी शाईनं अर्ज लिहू नये असं कुठंही लिहिलेलं नाही. निदान मला कुणी दाखवलेलं नाही, आणि मी दाखवा म्हणून मागितलेलं आहे.

मी एका संघटनेत पत्रकं लिहिते. त्यासाठीच नांदेडला खोली करून राहते. पत्रकाला दोनच रंग असतात, काळा आणि ऐपत असली तर मथळ्याला लाल. बाकीचे रंग आमच्याकडं वाटून झालेत. भगवा एकाचा, निळा दुसऱ्याचा, हिरवा तिसऱ्याचा. कागद हातात पडला की लोक आधी रंग बघतात आणि आतलं न वाचताच तुम्ही कोण ते ठरवून टाकतात. मग त्याच कागदात भजी बांधतात. याचा मला राग होता, अजून आहे. म्हणून वजिराबादेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानात कुणाच्याच नसलेल्या रंगाची बाटली दिसली तेव्हा मी ती उचलली.

"फिरोजी आहे ताई," दुकानदार म्हणाले. "कुणी नेत नाही. पेपर लिहायला चालत नाही, चेकवर सही करायला चालत नाही."

"मग चालते कशाला?"

"ते आम्हालाही कळलं नाही बघा."

खोलीवर येऊन शाईचा पेन धुतला, भरला आणि उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून बघितलं. आमच्या पत्रकाचा कागद स्वस्तातला. त्यानं शाई पिऊन टाकली, प्रत्येक अक्षराला केस फुटले. मग जाड पांढरा कागद काढला. त्यावर मात्र ही शाई काय आहे ते कळलं. रेघ ओढताना ती पातळ, जवळजवळ पाण्यासारखी दिसते. जिथं अक्षर वळतं, वेलांटी थांबते, तिथं साचते आणि वाळल्यावर कडेनं गडद उठते. माझं अक्षर पत्रकांच्या घाईत बिघडलेलं. या शाईत ते मला वाचावंसं वाटलं. वाळायला वेळ लावते. ओलं बोट फिरवलं तर अर्धा शब्द धुऊन जातो, पण बोटावरचा डाग साबणाला दाद देत नाही. कागदावरून जाते, माणसावरून जात नाही, अशी उलटी शाई.

संघटनेतल्या ज्येष्ठांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. त्यांनी माझी बोटं बघितली.

"कुणाच्या लग्नाची पत्रिका लिहायलीस?"

"लिहून बघते आहे, भाऊ. पुढचं निवेदन यानंच लिहावं म्हणते."

"निवेदन काळ्या शाईत जातं."

"का?"

"जातं म्हणून."

हे उत्तर तहसीलदारानं दिलं असतं तर भाऊंनी दारात ठिय्या दिला असता. तसं मी म्हणाले. भाऊ हसले आणि पत्रकांचा गठ्ठा माझ्या हातात दिला.

ते पत्रक मीच लिहिलेलं होतं. नवऱ्यानं स्वतः अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर त्याच्या बरोबरीनं लागतं, त्यासाठी त्यानं मरावं लागत नाही, असा मजकूर. मी ते उमरीच्या बाजारात वाटत होते. मेथीच्या जुड्या लावून बसलेल्या एका बाईनं कागद घेतला, शेजारच्या पोरीकडून वाचून घेतला आणि मला विचारलं, "तुझ्या मायचं लागलंय का नाव?"

"लागेल."

"म्हंजी न्हाई," ती म्हणाली आणि कागद घडी करून कमरेला खोचला. निदान मेथी तरी बांधली नाही.

मी त्याच आठवड्यात गावी गेले. आमचं गाव चाकूर तालुक्यात. रान पाण्याखालचं, कर्ज नाही, घर खाऊनपिऊन सुखी. अण्णा, म्हणजे माझे वडील, मायला कधी वाकडं बोललेले नाहीत. आणि तीच तर अडचण. मायनं खुरपलं, वेचलं, रास केली, मजुरांच्या भाकरी केल्या, आणि कागदावर ती त्या रानात कुठंच नाही. हे अण्णांपुढं काढलं की ते भांडत नसत. "बगू की" म्हणत. पेरणी होऊ दे, बगू. सोयाबीन निघू दे, बगू. दादाचं लग्न होऊ दे, बगू. दादाला पोरगं झालं तरी अण्णा बघतच होते.

या वेळी मी विचारलंच नाही. दिवेलागणीला ओसरीवर बसून अर्जच लिहून काढला. फिरोजी शाईनं. काळा बॉलपेन पिशवीत होता. पण काळ्या शाईनं मी आजवर जेवढी निवेदनं लिहिली त्यात 'नम्र विनंती' आपोआप येते, हाताला सवयच आहे. या शाईनं लिहिताना 'मागणी' असं आलं.

अण्णांनी चष्मा लावून सगळं वाचलं. पेन हातात घेतला. तेवढ्यात माझे चुलते आले. आम्ही त्यांना काका म्हणतो, बांधाला बांध लागून त्यांचं रान. खाली वाकून त्यांनी कागद बघितला. ओसरीवर पिवळा बल्ब होता.

"अगं, ही तर हिरवी शाई हाय."

"फिरोजी आहे, काका."

"काय बी मन. हिरव्या शाईनं फकस्त सायेब सही करतेत. तहसीलदार, त्याच्या वरचे. आपुन केली तर केस व्हती." मग अण्णांकडं बघून, "पत्रकं वाटून वाटून पोरीनं घरातच मोर्चा आणला की रे."

अण्णांनी पेनाला टोपण लावलं. अगदी हळू, सावकाश. "काळ्यानं लिव्ह बाई परत. मग बगू."

त्या पिवळ्या उजेडात कागद खरंच हिरवट दिसत होता, हे मला मान्य. पण 'मग बगू' ऐकल्यावर कानशिलं तापली. तरी मी पिशवीतून काळा पेन काढला. हातातोंडाशी आलेली सही शाईच्या रंगावरून घालवायची नव्हती.

माय चुलीपुढून उठून आली. पिठाचे हात तसेच. "परत लिव्हू नगं."

"माय, शाईचंच कारण आहे तर—"

"शाईचं कारन न्हाई ते. काळ्यानं लिव्हलंस तर कागद बारीक हाय मनतील." ती काकांकडं न बघता म्हणाली, "आन् हिरवी न्हाई ही. मोरपंखी हाय. माज्या माहेरच्या पातळाचा रंग. दिवसा दावते."

अर्ज तिनं पिठाच्या डब्याखाली ठेवला. काका चहा न घेता गेले.

सकाळी अण्णा अंगणात दात घासून बसले तेव्हा मायनं चहाआधी कागद आणला. ऊन चांगलं वर आलं होतं. "आता सांगा कोनता रंग."

अण्णांनी कागद उन्हात धरला. बराच वेळ. "निळा वाटतोय."

"मग?"

"आता निळा हाय मनल्यावर..." त्यांनी पेन मागितला. शाळा सुटल्यापासून असा पेन त्यांनी धरला नसावा. निब उलटी झाली, पहिली रेघ उमटलीच नाही, मग एकदम ठिपका पडला. सही केली आणि ती वाळायच्या आत तिच्यावर बोट टेकवलं. आडनावाचं शेपूट पसरलं. बोट धोतराला पुसलं, धोतर रंगलं, बोट तसंच.

तलाठी कार्यालयात आम्ही तिघं गेलो. तलाठ्यांचं पद आता नव्या नावानं लिहितात, लोक तलाठीच म्हणतात. तिथं दिवसा पण पिवळा दिवा. त्यांनी अर्ज घेतला, एक ओळ वाचली आणि माझ्याकडं बघितलं.

"हिरवी शाई कामून वापरली?"

"फिरोजी आहे. आणि चालत नाही असा नियम असेल तर दाखवा."

"नियम काय दाखवायचा? एवढी वर्सं नोकरी करून राहिलो, मला हिरव्या शाईची परवानगी न्हाई. आन् तुम्ही सरळ अर्जच लिव्हून आनला?"

म्हणजे दुखणं ते होतं. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिरव्या सह्यांखाली निळी सही करत आलेला. मला त्याची कीव आली असती, पण अर्ज माझ्या मायचा होता.

"काळ्यानं लिव्हून आना. सही बी नवी घ्या. ही पुसलेली हाय, कोनाची काय म्हाईत."

"माजी हाय," अण्णा म्हणाले. आतापर्यंत ते भिंतीवरचे नकाशे बघत उभे होते. त्यांनी फिरोजी बोट टेबलावर टेकवलं. "ह्या बोटानं पुसली. आन् परत सही करनार न्हाई मी. एकदाच असती सही."

अण्णा तलाठ्यावर चिडले होते, पण तोंडातून निघालं ते आम्हालाही लागू होतं. ते बोललेलं मागं घेणारे नव्हेत. हा कागद परत आला तर मायचं नाव पुन्हा 'बगू'च्या खात्यात.

मी खुर्ची ओढून बसले आणि दुसरा कागद काढला. त्याच शाईनं लिहायला लागले, मोठ्यानं म्हणत. "अर्ज फिरोजी शाईत असल्याच्या कारणावरून स्वीकारण्यात आला नाही. कोणत्या नियमाखाली, ते लेखी कळवावे."

"असं काय करायलाव ताई?"

"लिहिते आहे. तुमची सही कोणत्या रंगात करायची ते तुम्ही ठरवा."

शेजारी बसलेले दोघं-तिघं शेतकरी पुढं सरकले. माय तोवर टेबलावरचा शिक्का न्याहाळत होती. तिनं साधं विचारल्यासारखं विचारलं, "सायेब, तुमचा ह्यो शिक्का कोनत्या रंगाचा उठतो?"

"जांभळा."

"मग त्यो चालतो व्हय?"

मागचे हसले. तलाठ्यांनी अर्ज ओढला, पोच म्हणून आमच्या झेरॉक्स प्रतीवर जांभळा शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक दिली. शिक्का वाकडा पडला होता. मी तशीच प्रत घडी करून पिशवीत टाकली. तेवढं मलाही कळतं.

पुढं नोटीस लागली. काका हरकत घेणार असं गावात म्हणत होते. मी पेन भरून ठेवला होता, पण ते आले नाहीत. फेरफार मंजूर झाला. सातबारा आता कॉम्प्युटरवर निघतो, सगळा काळ्या अक्षरात. मी चाकूरहून काढून आणला तेव्हा भाऊंचा फोन आला, "शेवटी काळीच शाई ना?" आत कुणाचं नाव आहे ते बघा, मी म्हणाले.

मायला अक्षरओळख जुजबी आहे. तिनं अण्णांच्या नावापासून बोट खाली आणलं, स्वतःचं नाव सापडेपर्यंत. सापडलं. पुन्हा एकदा वरून खाली आली. मग कागद लांब धरला.

"लई बारीक लिव्हलंय गं."

"छापील तसंच असतं, माय."

"मागं मोकळं हाय की. तू लिव्ह मोठ्यानं. तुज्या शाईनं."

मी लिहिलं, पानभर. वाळेपर्यंत तिनं अण्णांना हात लावू दिला नाही. सरकारी उताऱ्याच्या पाठीवर असं लिहिणं चालत नाही असं कुणाचं म्हणणं असेल तर त्यानं यावं, आणि येताना नियम घेऊन यावं.