पार्बताबाईनं माणूस मांगतला

परतवाड्याच्या पार्बताबाईले आमच्या मंडळीकडून एकच गोष्ट पाहिजे होती. सकाळ-संध्याकाळ एक धडधाकट माणूस.

तिचा नवरा देवमन संत्र्याच्या मंडीत हमाल होता, आडव्या हाडाचा गडी. लकवा मारला अन् खाटेले लागला. अशा माणसाची कूस घडीघडी बदलवा लागते, नाई तं पाठ सडते. बाईचं वय साठाच्या वर. त्याले उचलू-उचलू तिचं आंग बाहेर येऊन राहिलं होतं. लेक ना लेकरू. अमरावतीच्या डाक्टरनं वजन उचलाले साफ मना केलं.

आमच्या चर्चच्या दाराजवळ चिठ्ठ्यांचा डबा असते. ज्याचं जे दुखणं, त्यानं ते लिहून टाकावं. रविवारी पंच केशवराव चिठ्ठ्या वाचतात अन् मंडळी डोळे मिटून प्रार्थना करते. पार्बताबाईची चिठ्ठी हातात आली तवा केशवरावनं चष्मा सारखा केला अन् वाचलं, का बाई यजमानासाठी शांती मांगून राहिल्या.

बाई जागेवरून उठली.

"शांती नाई लिहिली म्या, केशवरावजी. माणूस लिहिला."

त्या दिवशी पाळकसाहेबाचा उपदेशही एकमेकाईचं ओझं वाहण्यावरच होता. शरमेपायी वही निंघाली, वार वाटले गेले. पहिल्या हप्त्यात सातही दिवस माणसं आले. देवमनले उचलतानाचे फोटो ग्रुपवर पडले. दुसऱ्या हप्त्यात तिघं आले. केशवरावचा वार शुक्रवार. ते पांढऱ्या सदऱ्यात येत, खाटेपासून हातभर दूर उभे राहत अन् वीस मिनिटं देवाले सांगत, का याले उठव. मंग चहा पिऊन जात.

एका शुक्रवारी ती बोललीच, "देव उठवन तवा उठवन बाप्पा. तुमी त्याले कुशीवर तं करा."

त्याईनं कमरेच्या पट्ट्याचं कारण सांगतलं. मागच्या नाताळात स्टेज बांधताना तो पट्टा कोणाले दिसला नव्हता.

बुधवार माहा होता. मी दोन बुधवार गेलो, मंग सोयाबीन सोंगाले आलं.

देवमनच्या पाठीवर पडलेली रुपयाएवढी जखम तळहाताएवढी झाली. आत हाड दिसाले लागलं. तवा बाईनं शेवटचा उपाय केला. रविवारी साक्ष द्याले समोर गेली अन् सांगतलं, का मंडळीनं माहं ओझं उचललं, एक दिवस खाडा नाई केला, केशवरावजीनं तं पोटच्या लेकासारखं केलं. धडधडीत खोटं. आमाले सगळ्याईले मालूम होतं. तिले वाटलं, लाजंनं तरी येतीन. मंडळीनं मोठ्यानं आमेन म्हटलं. केशवरावनं मान खाली घालून हात जोडले. बाहेर निंघताना दोघंतिघं तिले म्हणे, उलसंक, थोडंसंच केलं बाई आमी, त्यात काय.

सोमवारी ती दार उघडं ठेवून नऊ वाजेलोक बसली. कोणी आलं नाई. मंग तिनं देवमनच्या आंगाखाली जुनं लुगडं सरकवलं, त्याचे दोन पदर मनगटाले गुंडाळले, पाय खाटेच्या पाटीले लावले अन् ओढलं. देवमन अर्ध्या तोंडानं नको नको करे. त्याची कूस वळली. ती मात्र तिथंच खाली बसली अन् तिले उठता आलं नाई. दुपारी दूधवालीनं पाहिलं.

आता दोघंही सरकारी दवाखान्यात आहेत, ती बायांच्या वार्डात, तो माणसाईच्या. भेटाले गेलं का ती एकच विचारते, त्याले कोणी पलटवलं का.

आमी हो म्हणतो.