विझार्ड भारी की क्लेरिक

इम्त्याज जायच्या दहा दिवस आधी त्याचा क्लेरिक मेला. तो मी मारला.

ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इम्त्याज माझा दोस्त, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणारा. आज त्याला जाऊन वर्ष झालं.

क्लेरिक म्हणजे आमच्या गेममधलं त्याचं पात्र. कागद, पेन्सिल, फासे घेऊन टेबलाभोवती खेळायचा गेम. चाळिशीतली माणसं राक्षस मारत बसायचो. हसा खुशाल.

दर रविवारी दुपारी, अश्विनीच्या गच्चीवरच्या खोलीत. गेम ती चालवायची, म्हणजे गोष्ट सांगायची, राक्षस आणायची. मध्ये भडंगाची परात, त्यामुळं सगळे फासे तेलकट.

माझा विझार्ड. पुस्तकातनं मंत्र शिकणारा, आग फेकणारा.
इम्त्याजचा क्लेरिक. देवाच्या जोरावर जखमी माणसं बरी करणारा.

आणि भांडण एकच. जास्त पॉवरफुल कोण?

सहा वर्षं हेच. तेव्हा कधी दमलो नाही. आता नुसतं आठवून दमतो.

मी एक्सेल शीट केलं होतं. सगळे मंत्रवाले घेऊन, कुठल्या लेव्हलला कोण किती डॅमेज करतो ते. विझार्ड पहिला. सॉर्सरर, म्हणजे जन्मजात जादूवाला, दुसरा. क्लेरिक पार खाली.

इम्त्याजनं मोबाईलवर ते बघितलं, भडंगाचं बोट चाटलं आणि म्हणाला, "ह्यात पडलेल्याला उठवायचा कॉलम कुठाय रं?"

"ते डॅमेजमध्ये येत नाही."

"मग तुझं शीटच अपुरं हाय की. आन् तुझ्या विझार्डचं पुस्तक पावसात भिजलं तर काय करणार? वाळत घालून बसणार व्हय?"

मग तो आजारी पडला. लिव्हर. रविवारी यायचा बंद झाला.

आमच्या टेबलाचा एक नियम होता. जो आला नाही त्याचं पात्र दुसऱ्यानं खेळायचं, पण जपून. दुसऱ्याची गाडी मागून नेल्यासारखं, ओरखडा न पाडता परत करायची.

क्लेरिक माझ्याकडं आला.

त्या रविवारी गुहेच्या तोंडाशी एक राक्षस आडवा आला. इम्त्याज असता तर क्लेरिक मागं ठेवला असता. मी पुढं घातला. एकट्याला.

का? तर माझं शीट खरं करून दाखवायचं होतं. विझार्डशिवाय हा टिकत नाही, एवढंच.

अश्विनीनं दोनदा विचारलं, "नक्की का?"

पडला. त्याला मागं ओढून आणायचा एक मंत्र माझ्या विझार्डकडं शिल्लक होता. मी तो पुढच्या लढाईसाठी राखला. जगतो का मरतो ते ठरवायला फासे टाकले, वाईट पडले. संपला.

"हे धरायचं नाही," अश्विनी म्हणाली. "तो इथं नाहीये. परत खेळू."

"फासे म्हणजे फासे," मी म्हटलं.

माणूस दवाखान्यात पडलाय आणि मी नियम शिकवतोय. लिहिताना लाज वाटते.

"मग त्याला तूच सांग," ती म्हणाली.

मंगळवारी गेलो. पिवळा पडला होता, हाताला सलाईन. मी हवापाण्याचं बोलत राहिलो.

शेवटी त्यानंच विचारलं, "ग्रुपवर कोण काय बोलंना झालंय. माझा क्लेरिक गेला न्हवं?"

"व्हय."



"कुणाला वाचवताना?"

तोंडातनं निघून गेलं, "माझ्या विझार्डला."

"मग मिटलं की," तो म्हणाला. "सहा वर्षं तुला काय सांगत हुतो मी?"

पुढच्या आठवड्यात बुधवारी तो गेला.

वॉर्डात जो येईल त्याला सांगायचा म्हणे, माझा गडी दोस्ताला वाचवून मेला. नर्सलासुद्धा.
लोक मला येऊन म्हणायचे, काय दोस्ती होती तुमची. मी मान हलवायचो.

वर्षभर ते खोटं घेऊन फिरलो. गेम बंद. पन्हाळ्याला नोकरीला जायचं, यायचं, जेवायचं, झोपायचं. स्वतःचाच कंटाळा आला.

परवा इम्त्याजच्या बायकोकडं, भाभींकडं गेलो. सगळं सांगितलं, राखून ठेवलेल्या मंत्रासकट.

त्या चहा गाळत होत्या. हात थांबला नाही.

"त्यास्नी ठावं हुतं, संजयदादा. अश्विनीताईंना ऱ्हावलं न्हाय, त्यांनी त्याच सांजंला फोन केलता. तुम्ही येणार म्हटल्यावर मला म्हणाले, संज्या लय कुढत असंल, त्याला मोकळं करतो."

म्हणजे "कुणाला वाचवताना?" हे त्यानं सगळं माहीत असून विचारलं.

चहा पिला आणि आलो.

इम्त्या, क्लेरिकच भारी. चारचौघांत लिहून देतो.

निवांत पड आता, दोस्ता. हरलेल्या गड्याची तुला श्रद्धांजली.