चुन्याच्या रानातला निवद

“पोर तिकडं परदेशात हिंडती, अन् आई इथं एकटीच गोळ्या गिळती,” जीपमध्ये मागं बसलेली आमच्या गावातली बाई शेजारणीला म्हणाली. मी ऐकलं आणि बाहेर पाहत राहिले. तेरखेड्याहून येरमाळ्याला निघालेली जीप यात्रेकरूंनी गच्च भरली होती. आई माझ्या खांद्याला टेकून डोळे मिटून बसली होती. तिनंही ऐकलं असावं.

बाई खोटं बोलली नव्हती. वडील गेल्यापासून आई एकटी राहते आणि तिला साखरेचा आजार आहे. मी जर्मनीत नोकरी करते. सुट्टीवर निघण्याआधी कंपनीनं मला आठ महिन्यांसाठी शेजारच्या डेन्मार्कला जायला सांगितलं होतं. तिथं नवा कारखाना उभा राहतोय, तो सुरू होईपर्यंत रजा नाही. जर्मनीतून निदान दिवाळीला तरी येता यायचं. म्हणून मी मनात ठरवून टाकलं होतं, नोकरी सोडायची आणि घरी राहायचं. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. मी इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात वाढले. मनातलं कुणापुढं बोलायची सवय लागलीच नाही. देवापुढंही नाही. माझी श्रद्धा आईच्या मागून चालणारी, तिनं हात जोडले की मीही जोडायची.

चैत्रातल्या यात्रेत येरमाळ्याच्या देवीची, येडाईची, पालखी डोंगरावरून चुन्याच्या रानात येते. तिथं लोक देवीची सेवा म्हणून चुनखडीचे खडे वेचून ढिगावर टाकतात. आई सकाळपासून उपाशी होती, गोळी मात्र घेतलेली. वाकून खडे वेचता वेचता ती एकदम खाली बसली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते. साखर उतरली हे मला कळलं, पण गुळाची पिशवी जीपमध्ये राहिली होती. चहूकडं माणसंच माणसं, आणि माझ्या तोंडून एक हाक निघेना.

“अगं बघत काय बसलीस, डोकं धर की तिचं!” गळ्यात कवड्यांची माळ घातलेली एक आराधीण माझ्याजवळ टेकली. तिनं फडक्यातली पुरणपोळी सोडली आणि बारीक तुकडे करून आईला भरवू लागली. ती देवीच्या निवदाची पोळी होती, अजून दाखवायची होती.

तिची सोबतीण ओरडली, “अगं बया, निवद उष्टा केलास की! आता पालखीला काय, रिकामं फडकं दाखवतीस?”

“व्हय, फडकंच दाखवते. तिच्याच रानात तिच्याच लेकीनं खाल्लं. तिला काय लई राग येतोय?”

हळूहळू आईच्या चेहऱ्यावर रंग आला. तिनं पहिलं विचारलं ते, “पुरणात जायफळ घातलंय का, बाई?”

“घातलंय की. चव कळाया लागली म्हंजे आता काय होत न्हाय तुला.”

याला कुणी योगायोग म्हणेल. मी वाद घालणार नाही. मी फक्त एवढं पाहिलं की आईचा हात माझ्या हातात होता, तरी मला काही करता आलं नाही. आणि जिला मी हाकही मारली नव्हती, ती आली. आईला सांभाळणारी मी एकटीच, असं मी आजवर धरून चालले होते. त्यालाच मी जबाबदारी म्हणत होते. कदाचित त्यात थोडा अहंकारही असेल. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं, पण येडाईचं नाव घेताना आता तिचा चेहरा आठवतो, आणि मला ते चुकीचं वाटत नाही.

संबळाचा आवाज जवळ आला. पालखी समोरून जाऊ लागली. त्या बाईनं खरंच पुरणाचे डाग पडलेलं फडकं दोन्ही हातांनी वर धरलं. मी हात जोडले. आई माझ्या पायाशी बसली होती. तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हणाले, “येडाई, मला डेन्मार्कला जायचंय. भीती वाटतेय. माझ्या आईकडं तू बघ.”